चवथीच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. पाणी नेमके कुठून येते हे कसे शोधावे?

वळचणीची_चिमणी · १९ जून

नमस्कार. गोव्यातील प्रियोळ येथील आमच्या घराच्या एका भिंतीबद्दल आपणा सर्वांचा सल्ला हवा आहे. घर आजोबांनी बांधलेले, चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) आणि मंगळुरी कौलांचे आहे; भिंती दीड फूट जाडीच्या आहेत. बारा वर्षांपूर्वी आम्ही जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला आणि त्यावर प्लॅस्टिक पेंट लावला. ज्या खोलीत चवथीला गणपती बसतो, तिच्या उत्तरेकडील भिंतीला गेली तीन वर्षे ओल येत आहे. खालून अडीच-तीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात, पापुद्र्याखाली पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी लव दिसते आणि तिच्यावरून बोट फिरवले की गिलाव्याचा भुगा हातात येतो. ईशान्येच्या कोपऱ्यात ओल सर्वांत जास्त आहे आणि त्याच कोपऱ्याला लागून पूर्वेला न्हाणीघर आहे.

एका ठेकेदाराने येऊन पाच मिनिटांत पाहणी केली आणि भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याचा व आतून ओलरोधक लेप देण्याचा खर्च ८५,००० रुपये सांगितला. पाणी कुठून येते हे मात्र त्याने सांगितले नाही. पैसे घालण्याआधी कारण कळावे असे मला मनापासून वाटते. ते कळण्यासाठी कोणत्या क्रमाने शोध घ्यावा? शक्य झाल्यास चवथीपूर्वी भिंत नीट करायची आहे.

मांडवीकाठ · १९ जून

कोपऱ्यापलीकडे न्हाणीघर आहे, म्हणजे नळाची वाहिनी गळत असणार. रात्री झोपण्यापूर्वी सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर उत्तर मिळाले.

सासष्टीकर · १९ जून

मांडवीकाठ यांनी सांगितलेली चाचणी योग्य आहे, पण ती आपल्याकडील बहुतेक घरांत अपुरी पडते. मीटरमधून येणारे पाणी आधी छपरावरच्या टाकीत जाते आणि घरातील नळांना टाकीतून पुरवठा होतो. टाकीनंतरच्या वाहिनीत गळती असेल, तर टाकी भरून फ्लोट बंद असताना मीटर बराच वेळ स्थिर राहील आणि आपण निर्धास्त होऊ. घरात विहिरीचे पाणी चढवत असाल तर मीटरचा प्रश्नच उरत नाही. म्हणून रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, टाकीच्या आतल्या बाजूने पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती खूण पाहावी.

दुसरी गोष्ट, ही चाचणी केवळ पुरवठ्याच्या वाहिनीची आहे. न्हाणीचे सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी फुटली असेल, तर ती फक्त आंघोळीच्या वेळी गळते आणि रात्रभर कोरडी राहते. मडगावात आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत हाच प्रकार होता. वरच्या कुटुंबाशी दीड वर्ष वाद झाला, कारण त्यांची टाकी, नळ, वाहिन्या सर्व ठीक होते. शेवटी त्यांच्या न्हाणीतील जाळीखालचे तोंड कापडाने घट्ट बंद करून जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवले. आमच्या छताला रंग आला नाही. मग तोंड उघडून तेच पाणी सोडले, आणि अर्ध्या तासात आमच्या भिंतीच्या वरच्या कडेला गुलाबी डाग उमटला. लादी ठीक होती. जाळीखालचा ट्रॅप आणि वाहिनी यांचा सांधा सुटला होता. हा फरक कळला नसता तर त्यांची सगळी लादी आम्ही विनाकारण उखडायला लावली असती.

गवंडी_पिढीजात · २० जून

चिमणीताई, माझे वडील आणि आजोबा चिऱ्याचे काम करीत आणि मीही तेच करतो. भिंतीला हात लावण्याआधी माझे आपल्याला चार प्रश्न आहेत. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओल दिसते? मे महिन्यात ती पूर्ण जाते का? तीन वर्षांपूर्वी, म्हणजे ओल येण्याच्या आधी, घराभोवती काय बदलले? आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किती खाली आहे?

या चारांपैकी पहिल्याचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कौलातून, खिडकीच्या कडेतून किंवा गिलाव्याच्या भेगेतून शिरणारे पाणी जोराच्या सरीनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आत दिसते. नळाचे पाणी पावसाची वाट पाहत नाही. ते मार्चमध्येही असते. जमिनीतून चढणाऱ्या ओलीला मात्र आधी माती भिजावी लागते, मग जोते, मग भिंत, आणि त्यात दिवस जातात.

पेडण्याची_लेक · २० जून

आमचे पेडण्यातील घर वर्षातले दहा महिने बंद असते आणि आत ओल हीच आमची कायमची तक्रार आहे. आम्ही दोनदा कौले शाकारली, पन्हाळ बदलली, पण कपाटामागची भिंत काळीच राहिली. ते पाणी बाहेरून येतच नव्हते असे फार उशिरा कळले. चिमणीताईंच्या भिंतीला काळी बुरशी आहे की पांढरी लव आहे, एवढे नीट पाहावे, कारण दोन्हींची कारणे वेगळी असतात असे मला सांगण्यात आले.

रसायन_शिक्षिका · २० जून

पेडण्याची लेक यांचे निरीक्षण अचूक आहे. काळी किंवा हिरवट बुरशी बहुधा हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमल्यामुळे वाढते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. जुलैमध्ये आपल्याकडे अशी हवा नेहमीचीच आहे. बंद घरातील जाड भिंत, कपाटामागचा कोपरा किंवा वातानुकूलित खोलीची पलीकडील बाजू २७ अंशांखाली असली, की तिथे पाणी सुटणारच. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आणि खोलीत वारा खेळता ठेवला तर पुष्कळ फरक पडतो.

पांढरी लव म्हणजे लोणा. भिंतीतून प्रवास करून आलेले पाणी बाहेर पडताना उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात, म्हणून त्याचा भुगा होतो. हवेतून जमलेल्या पाण्यात क्षार नसतात. त्यामुळे लोणा दिसला की पाणी भिंतीच्या पोटातून आले आहे, निदान कधीतरी आले होते, असे समजावे.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. सुटलेला रंग खरवडून टणक जागेवर वीतभर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावी आणि दोन दिवस ठेवावी. थेंब पन्नीच्या आपल्या बाजूला आले तर ते हवेतले, पन्नीच्या मागे आले तर भिंतीतले.

मुरगांवकर · २१ जून

“निदान कधीतरी आले होते” या शब्दांकडे सर्वांनी लक्ष द्यावे, कारण आमची फसगत तिथेच झाली. आमच्या जुन्या घराच्या गिलाव्यात समुद्रकाठची वाळू न धुता वापरलेली होती. साधे मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून घेते. पावसाळाभर भिंत ओली दिसायची, पण गळती कुठेच नव्हती. त्यातच एकाने सुया टोचून ओल मोजणारे यंत्र आणले आणि त्यात आकडा भरपूर दिसल्यामुळे जोत्याचे काम केले. ते यंत्र विजेचा रोध मोजते आणि क्षारयुक्त भिंत पाणी कमी असतानाही वीज चांगली वाहून नेते, हे नंतर समजले. गोठा किंवा जुने शौचालय असलेल्या जागेच्या भिंतीतही नायट्रेटचे क्षार असेच वागतात.

सत्तरीचा_डोंगर · २१ जून

आमच्याकडे मातीच्या भिंती होत्या तेव्हा मे संपण्याआधी पावसाच्या बाजूला माडाच्या चुडतांची झापे बांधली जात आणि चवथ झाली की ती सोडली जात. पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोहोचूच नये, एवढाच त्यामागचा विचार होता. मात्र ताईंची भिंत उत्तरेची आहे. आपला पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे थेट माऱ्याचा संशय मला कमी वाटतो. ओलीबरोबर वाळवी येते, तेव्हा दाराच्या चौकटीच्या खालच्या टोकाला टाचणी टोचून पाहावी.

वळचणीची_चिमणी · २३ जून

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. गवंडीबाब, आपल्या प्रश्नांची उत्तरे आईबरोबर बसून लिहिली. पहिल्या मोठ्या पावसानंतर सुमारे दहा दिवसांनी डाग गडद होऊ लागतो. जानेवारीपर्यंत तो फिकट होतो, पण मे महिन्यातही खालचा वीतभर पट्टा थंड लागतो. बाहेरचे अंगण पूर्वी खोलीच्या जमिनीपेक्षा दोन पायऱ्या खाली होते. तीन वर्षांपूर्वी आम्ही परसात पेव्हर बसवले आणि तेव्हा खाली भर घातली. आता एकच पायरी उरली आहे. हे मी या ओलीशी कधी जोडलेच नव्हते.

टाकीची खूण रात्रभर जागची हलली नाही. न्हाणीत हळद घालून पाणी साठवले आणि नंतर सोडले, तरी दोन दिवसांत भिंतीवर काही उमटले नाही. पन्नीच्या मागच्या बाजूला थेंब आहेत, पुढची बाजू कोरडी आहे.

सासष्टीकर · २३ जून

एक सूचना करतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही आणि माती व चिरा तो गाळून ठेवतात. खाण्याचा लाल रंग वापरून चाचणी पुन्हा करावी.

गवंडी_पिढीजात · २४ जून

दहा दिवस आणि बाहेर वाढलेली जमीन, या दोन उत्तरांवरून मला पाणी खालून येत असल्याचे दिसते. जोत्यावर ओल अडवणारा थर असेल तर बाहेरची जमीन त्याच्या किमान सहा इंच खाली असायला हवी. जुन्या घरांत असा थर बहुधा नसतो. तिथे उंच जोते हेच काम करते. जोत्याभोवती माती आणि पेव्हर चढवले म्हणजे भिंतीचे पाय पाण्यात ठेवण्यासारखे झाले.

आता एक गोष्ट मी स्पष्ट लिहितो, कारण मला तिचे वाईट वाटते. चिरा सच्छिद्र असतो; तो पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून सोडून देतो. आपल्या आजोबांच्या भिंतीतही थोडी ओल नक्की चढत असेल, पण ती वीतभर उंचीवर उडून जात असेल. सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट यांनी ती वाट बंद झाली की पाणी जिथे सुटता येईल तिथपर्यंत वर चढते. आतून ओलरोधक लेप दिला तर आज तीन फुटांवर असलेली ओल उद्या पाच फुटांवर, कोनाड्यापर्यंत जाईल. भोके पाडून रसायन भरण्याचे काम एकसारख्या विटांच्या भिंतीत जमते. चिऱ्यात आतून पोकळ्या आणि मातीचे खिसे असतात, रसायन तिथेच जिरते आणि सलग पट्टा तयार होत नाही.

मांडवीकाठ · २४ जून

चुन्याबद्दल आदर ठेवूनही मला हे एकतर्फी वाटते. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेचे चिरे उघडेच आहेत आणि ती चारशे वर्षे उभी आहे.

गवंडी_पिढीजात · २४ जून

बाब, त्या इमारतीला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. त्यापूर्वीची साडेतीन शतके ते चिरे झाकलेले होते. आज त्यांची झीज हाच तिथल्या जतनकामातील चिंतेचा विषय आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर चर्चा चालू असते. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा हा चिऱ्याचा पावसाळी कपडा होता असे माझे वडील म्हणत.

मांडवीकाठ · २५ जून

गिलावा नंतर काढला हे मला माहीत नव्हते. माझे उदाहरण मी मागे घेतो.

रसायन_शिक्षिका · २५ जून

गवंडीबाबांचा निष्कर्ष संभाव्य वाटतो, परंतु एक गोष्ट त्यात बसत नाही. बाहेरची जमीन संपूर्ण उत्तरेला सारखीच वाढली असेल, तर ओलही भिंतभर सारखी दिसायला हवी. ती ईशान्य कोपऱ्यातच का एकवटली आहे? यासाठी प्रत्यक्ष पाण्याचे प्रमाण मोजावे असे मी सुचवते. ड्रिल अगदी हळू फिरवून, म्हणजे पाते तापून नमुना वाळणार नाही अशा बेताने, भिंतीत दोन-तीन इंच खोलवरचा भुगा काढावा आणि तो लगेच झाकणाच्या छोट्या बाटलीत भरावा. वरवरचा पहिला अर्धा इंच टाकून द्यावा, कारण तिथे क्षार साठलेले असतात. कोपऱ्याजवळ चार उंचींवर आणि पश्चिम टोकाला त्याच चार उंचींवर नमुने घ्यावेत. ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि किती घट झाली ते पाहावे. यात क्षार फारशी फसवणूक करीत नाहीत.

त्याआधी त्या भिंतीत विजेचा बोर्ड असल्यास त्याचा पुरवठा बंद करावा. घरात वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच नसेल तर ओल्या भिंतीच्या घरात तो सर्वप्रथम बसवून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वळचणीची_चिमणी · ६ जुलै

भाच्याच्या मदतीने नमुने घेतले. कोपऱ्यात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर ११ टक्के, ६० वर ९ टक्के, १ मीटरवर ५ टक्के आणि दीड मीटरवर २ टक्के पाणी आढळले. पश्चिम टोकाला मात्र १५ सेंटिमीटरवर ४ टक्के आणि पुढे सर्वत्र २ टक्क्यांच्या आसपास आहे. लाल रंगाची चाचणीही केली. न्हाणीकडून काही आले नाही.

रसायन_शिक्षिका · ६ जुलै

उंचीबरोबर कमी होत जाणारे आकडे पाणी तळातून चढते हे दाखवतात, त्यामुळे छप्पर आणि खिडकी यांना दोष देता येणार नाही. पश्चिमेचे ४ टक्के हा वाढलेल्या अंगणाचा वाटा मानता येईल. कोपऱ्यातील उरलेले पाणी कोणीतरी तिथेच आणून ओतत आहे. चिमणीताई, त्या कोपऱ्याबाहेर नेमके काय आहे?

वळचणीची_चिमणी · ६ जुलै

पन्हाळीची उभी वाहिनी आहे. पूर्वी ती अंगणात मोकळी सुटत असे. पेव्हर बसवताना ती जमिनीखालून गटारापर्यंत नेली.

सासष्टीकर · ६ जुलै

गटाराच्या तोंडाशी उभे राहून पाहा, छपरावर पडते तेवढे पाणी तिथे येते का?

वळचणीची_चिमणी · २९ जुलै

पाऊस दोन दिवस थांबला तेव्हा शिडी लावून पन्हाळीत लाल रंगाच्या पाण्याच्या चार बादल्या ओतल्या. गटाराच्या तोंडाशी बारीक धार आली, एका बादलीचेही पाणी भरले नसते. मग गवंडीबाबांच्या सांगण्यावरून कोपऱ्यातले सहा पेव्हर उचलले. खालची वाळू लापशीसारखी झाली होती. हाताने ती बाजूला केली तेव्हा वाहिनीचा बाक दिसला. तो सांध्यातून सुटून बोटभर खाली बसला होता आणि त्याच्या उघड्या तोंडासमोर जोत्याचा चिरा लाल झाला होता. पेव्हरखालची भर धुमशाने ठोकताना तो निसटला असावा. तीन पावसाळे उत्तरेकडच्या उताराचे सगळे पाणी आम्ही स्वतःच भिंतीच्या मुळाशी सोडत होतो. आई तिथेच पायरीवर बसली आणि बराच वेळ त्या चिऱ्याकडे पाहत राहिली. आजोबांनी ते चिरे स्वतः निवडून आणले होते.

सध्या वाहिनी तोडून पाणी पूर्वीसारखे दूर अंगणात सोडले आहे. आता चवथीपूर्वी गिलावा करता येईल का?

गवंडी_पिढीजात · २९ जुलै

करू नये. जाड भिंत सुकण्याचा ठोकळ हिशेब इंचाला एक महिना असा आहे. आपली भिंत अठरा इंचांची आहे. आत्ता फक्त खालच्या चार फुटांचा सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी करावी, लोणा कोरड्या कुंच्याने झाडून सुपात गोळा करावा आणि बाहेर टाकावा. पाण्याने धुऊ नये, क्षार पुन्हा आत जातात. जोत्यालगतचे दीड फूट रुंदीचे पेव्हर काढून जमीन जुन्या पातळीवर न्यावी, उतार घरापासून दूर द्यावा आणि त्या पट्ट्यात खडी भरावी, म्हणजे वळचणीच्या पागोळ्यांचे शिंतोडेही भिंतीवर उडणार नाहीत. हे काम पाऊस संपल्यावर केले तरी चालेल.

पेडण्याची_लेक · ३० जुलै

चवथीला उघडी भिंत दिसेल याची खंत करू नये, ताई. आमच्याकडे एका वर्षी भिंतीपासून हातभर पुढे दोरी बांधून आईची नऊवारी पडद्यासारखी सोडली होती. वर माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट), मागे साडी. आरास फार सुंदर दिसली आणि मागून वाराही खेळत राहिला.

वळचणीची_चिमणी · ११ जानेवारी

चवथ साडीच्या पडद्यापुढे पार पडली. नोव्हेंबरमध्ये पेव्हर काढून खडीचा पट्टा केला. काल त्याच कोपऱ्यातून पुन्हा नमुने घेतले: १५ सेंटिमीटरवर ७ टक्के, ६० वर ४ टक्के, १ मीटरवर २ टक्के. लोण्याची लव अजून येते, पण सूप भरण्याऐवजी आता ओंजळभरच निघते. भोके पाडण्याचे काम मी अर्थातच करून घेतले नाही.

गवंडी_पिढीजात · १२ जानेवारी

आकडे चांगले आहेत, तरीही येत्या पावसाचे पहिले पंधरा दिवस भिंत उघडीच ठेवावी. आपल्या भिंतीला दहाव्या दिवशी बोलायची सवय आहे. ती गप्प राहिली तर पुढच्या दिवाळीनंतर गिलावा करू. त्यासाठी चुना आधीपासून भिजत घालावा लागेल. तो जितका मुरेल तितका गिलावा मऊसूत बसतो. परसात सावलीत एक टाके मोकळे करून ठेवा, मी मे महिन्यात येऊन जागा पाहतो.